होस्टच्या मेमरीचा जमाखर्च

मोर्णेच्या पश्चिमेस, असदगड आणि राजराजेश्वराचे देऊळ यांच्या आसपास वसलेल्या अकोल्याच्या जुन्या शहरात ज्या पतसंस्था, शाळा, घाऊक व्यापारी आणि कर-सल्लागार आपापली दप्तरे सांभाळून आहेत, त्यांच्यापैकी ज्यांनी अलीकडच्या काळात तीन-चार जुनाट संगणक निकालात काढून त्यांच्या जागी एकच भक्कम सर्व्हर घेतला आणि त्याच्यावर पाच-सहा व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) वसविल्या, त्यांच्यासाठी हे विवेचन आहे. अशा सर्व्हरची खरेदी करताना प्रोसेसर किती कोअरचा आणि डिस्क किती टीबीची, यावर घासाघीस पुष्कळ होते. परंतु रॅमची वाटणी मात्र बहुधा सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या फोनवरील एका वाक्यावर ठरते. ‘सोळा जीबी ठेवा, म्हणजे झाले,’ असे तो सांगतो आणि ऐकणारा सोळा ठेवतो. सहा सॉफ्टवेअरांच्या बाबतीत सहा वेळा हेच घडले, की ६४ जीबीच्या यंत्रावर ९६ जीबींचे देणे उभे राहते. आणि आश्चर्य असे, की ते काही महिने निमूटपणे चालतेही. ते का चालते आणि नेमके केव्हा मोडते, हे ध्यानात आल्यावाचून वाटणीचा कोणताही नियम उपयोगी पडत नाही.

प्रोसेसरची उसनवारी आणि मेमरीची उसनवारी या दोन भिन्न गोष्टी आहेत. आठ कोअरच्या होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, सर्व व्हीएमना मिळून सोळा कोअर लिहून दिले, तरी प्रत्येकीला आपली पाळी येईपर्यंत किंचित थांबावे लागते, याहून अधिक काही घडत नाही. काम मंदावते, पण चालू राहते. मेमरीचे पान मात्र ज्या व्हीएमने एकदा हाताळले त्याच्यावर तिचा ताबा बसतो आणि तो ती आपण होऊन सोडत नाही. लिनक्सच्या केव्हीएमवर उभारलेल्या प्रॉक्समॉक्ससारख्या व्यवस्थेत एखाद्या व्हीएमच्या नावे सोळा जीबी लिहिले, म्हणून होस्टची सोळा जीबी मेमरी त्याच क्षणी खर्ची पडते असे नाही. व्हीएम जसजशी चार-चार किलोबाइटची पाने प्रत्यक्ष वापरू लागते, तसतशी ती तिला मिळत जातात. म्हणून पहिल्या आठवड्यात होस्टचा आलेख निम्म्यावर दिसतो आणि मालक समाधान पावतो. पुढे लिनक्सची व्हीएम फायलींच्या कॅशने आपली रिकामी जागा भरीत जाते. ती जागा आतून पाहणाऱ्याला उपलब्ध दिसते, बाहेरून पाहणाऱ्या होस्टला खर्च झालेली. विंडोज तर मोकळी पाने अगोदरच शून्याने पुसून ठेवते, त्यामुळे ती सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तिला दिलेली बहुतेक सारी मेमरी होस्टच्या खात्यावर चढलेली आढळते.

ज्या असदखानाच्या नावाने अकोल्याचा किल्ला ओळखला जातो, तो औरंगजेबाचा वजीर होता, आणि त्याच्या काळातील मुलकी व्यवस्थेला याच जातीचे दुखणे जडले होते. जहागिरीची जमा, म्हणजे कागदावर आकारलेला महसूल, आणि हासिल, म्हणजे प्रत्यक्ष वसूल झालेली रक्कम, यांच्यात, विशेषतः दख्खनच्या सुभ्यांत, मोठे अंतर पडत असे. तरीही मनसबी वाटल्या जातच राहिल्या, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस मनसबदार पुष्कळ व त्यांना लावून देण्याजोग्या जहागिरी थोड्या, अशी अवस्था ओढवली. व्हीएमच्या सेटिंगमधील आकडे हे जमेचे आकडे होत. हासिल म्हणजे सर्व्हरच्या बोर्डावर खोचलेली रॅम, आणि तीतूनही होस्टचा स्वतःचा खर्च वजा जाता उरेल तेवढीच. संगणकशास्त्राने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. एखादा प्रोग्राम ठराविक काळात ज्या पानांना प्रत्यक्ष हात लावतो, तेवढ्यांचाच हिशेब धरावा, हा ‘वर्किंग सेट’चा विचार पीटर डेनिंग यांनी १९६८ साली मांडला, आणि २००२ साली कार्ल वाल्डस्पर्गर यांनी व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात व्हीएमकडून मेमरी परत मागण्याच्या युक्तीबरोबरच निष्क्रिय पडून असलेल्या मेमरीवर चक्क कर बसविण्याची कल्पनाही होती. आज आपण ज्या सोयी एका टिचकीसरशी चालू करतो, त्यांतील बहुतेकींचे मूळ तेथे सापडते.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. ६४ जीबीचा सर्व्हर, चार टीबीची झेडएफएस साठवण आणि प्रॉक्समॉक्सची व्यवस्था, असे उदाहरण घ्या. वाटणीस आरंभ करण्यापूर्वी होस्टचा वाटा काढून ठेवावा. तो शेवटी उरेल त्यातून भागवू म्हणणाऱ्याचा हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो. होस्टच्या प्रणालीस आणि तिच्या नित्य सेवांस ४ जीबी धरावी. झेडएफएसच्या कॅशसाठी मूळ २ जीबी आणि दर टीबीमागे १ जीबी हा रूढ अंदाज आहे, त्याप्रमाणे ६ जीबी होतात. येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. ही कॅश पूर्वी आपोआप होस्टच्या निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकत असे, प्रॉक्समॉक्सच्या ८.१ आवृत्तीपासून नव्याने केलेल्या स्थापनेत ती एकूण रॅमच्या एक-दशांशावर, आणि कितीही झाले तरी १६ जीबींवर, रोखली जाते. मात्र जी स्थापना जुनी असून केवळ अद्ययावत करीत आणली आहे, तिला या मर्यादेचा लाभ आपोआप होत नाही. तेथे कॅशची कमाल मर्यादा आपल्या हाताने लिहावी लागते. कॅश मागणी येताच जागा सोडते हे खरे, पण व्हीएमची मागणी एकदम उसळली तर ती पुरेशा वेगाने सोडीलच याचा भरवसा धरू नये.

याखेरीज सुमारे एक-दशांश, म्हणजे ६ जीबी, अडीअडचणीसाठी राखून ठेवावी. शिल्लक राहिली ४८. तीतून हिशेबाच्या डेटाबेस-सर्व्हरला १६, अंतर्गत अॅप्लिकेशनला ८, फाइल-सर्व्हरला ४, बॅकअपला ४, आणि ज्या दोन जुन्या सॉफ्टवेअरांसाठी विंडोजचे डेस्कटॉप जिवंत ठेवावे लागतात त्यांना प्रत्येकी ४, अशी ४० जीबींची वाटणी होते. प्रत्येक व्हीएम चालविण्यासाठी होस्टला तिच्या मेमरीव्यतिरिक्त आणखी काही शेकडे एमबी लागतात. सहा व्हीएमचा हा वरकड खर्च ढोबळमानाने २ जीबी धरला, तरी ६ जीबी हाती उरतात. शहाण्णवांची मागणी बेचाळिसांत बसली ती काही जादूने नव्हे. प्रत्येक मागणीमागील खरी गरज विचारल्यामुळे बसली.

ती गरज विचारण्याची रीत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण येथेच बहुतेकांचा हात आखडतो. मोजणी सोमवारच्या निवांत दुपारी करू नये. कर-सल्लागाराकडे जीएसटीच्या विवरणपत्रांमुळे ११ आणि २० तारखेच्या अलीकडचे दिवस, पतसंस्थेत मार्चअखेर, शाळेत प्रवेशाचा हंगाम, हे खऱ्या कसोटीचे दिवस होत. लिनक्सच्या व्हीएममध्ये ‘फ्री’ या आज्ञेचे उत्तर वाचताना मोकळ्या मेमरीचा रकाना सोडून ‘अव्हेलेबल’चा रकाना पाहावा, पहिला जवळजवळ नेहमीच भीतिदायक असतो आणि त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीची पाने ठेवण्याच्या डिस्कवरील जागेत, काही साठले आहे एवढ्यावरून घाबरू नये, पण पाने सतत आत-बाहेर होत असतील तर ती व्हीएम खरोखर उपाशी आहे असे समजावे. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटरमधील हार्ड फॉल्टचा, म्हणजे डिस्कवरून परत आणाव्या लागलेल्या पानांचा, आकडा आणि उपलब्ध मेमरी यांवर नजर ठेवावी. गर्दीच्या दिवसाचा सर्वोच्च वापर घ्यावा, त्यावर पंचवीस टक्के चढवावेत आणि तो आकडा मंजूर करावा.

परंतु डेटाबेसच्या बाबतीत बाहेरून केलेली मोजणी फसवी ठरते. एसक्यूएल सर्व्हरला कमाल मर्यादा लिहून दिली नाही, तर तो मिळेल तेवढी मेमरी आपल्या बफरांसाठी घेत जातो, आणि सोळा दिली तर सोळाही भरलेली दिसतात. त्यावरून त्यास सोळांची गरज आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे ताट भरले होते म्हणून भूक मोठी होती असे म्हणण्यासारखे आहे. त्याची कमाल मर्यादा व्हीएमच्या मेमरीहून तीन-चार जीबी कमी ठेवावी. त्याहून महत्त्वाचे असे, की लहान कार्यालयांतील पुष्कळ सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरच्या विनामूल्य एक्सप्रेस आवृत्तीवर चालते, आणि ती आवृत्ती, २०१६ पासूनची असली तरीही, बफरसाठी १,४१० एमबींपलीकडे जातच नाही. ज्या सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याने सोळा जीबी मागितल्या, त्याच्या खाली हीच आवृत्ती निघाली, तर ती मागणी नम्रपणे परत करावी. तसेच जे जुने सॉफ्टवेअर ३२ बिटांचे आहे, त्याच्या एका प्रक्रियेला बहुधा दोन, फार झाले तर चार जीबींच्या पलीकडचे दिसतच नाही. त्याच्या व्हीएमला आठ देण्यात काही अर्थ नाही. पोस्टग्रेसमध्ये सामायिक बफर मूळचे १२८ एमबींवर असतात, ते केवळ डेटाबेससाठी ठेवलेल्या व्हीएमच्या एक-चतुर्थांशापर्यंत वाढवावेत. जावाच्या प्रोग्रामचा हीप, म्हणजे त्याने कामासाठी घेतलेली मेमरी, व्हीएमच्या मेमरीत सर्व बाजूंनी मोकळी जागा राहील इतकाच ठेवावा.

यानंतर बलूनविषयी. बलून म्हणजे व्हीएमच्या आत बसणारा एक ड्रायव्हर. होस्टने मागणी केली की तो आतल्या आत मेमरी अडवून धरतो आणि ती होस्टला परत करतो. आतली प्रणाली प्रथम आपली कॅश सोडते, ती संपली की स्वॅपवर जाते. प्रॉक्समॉक्समध्ये होस्टचा वापर ८० टक्क्यांच्या वर गेला की ही वसुली सुरू होते. विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर आणि सेवा स्वतंत्रपणे बसवावी लागते. ते न केल्यास सेटिंगमधील किमान-कमाल आकडे शोभेचे राहतात. आपल्या उदाहरणातील फाइल-सर्व्हर, बॅकअप आणि दोन डेस्कटॉप यांना बलून लावण्यास हरकत नाही, मात्र किमान आकडा वर्किंग सेटच्या खाली उतरू देऊ नये. डेटाबेसच्या व्हीएमचे किमान आणि कमाल आकडे सारखेच ठेवावेत. बलूनचे उपकरण मात्र तेथेही काढून टाकू नये, कारण आतील खरा वापर होस्टला त्याच्याचमुळे कळतो. मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही वापरणाऱ्यांना याच कामासाठी २०११ पासून डायनॅमिक मेमरी उपलब्ध आहे, आणि त्या व्यवस्थेचा स्वभाव अधिक सावध आहे: व्हीएम सुरू करण्याइतकी मेमरी शिल्लक नसेल तर ती सरळ नकार देते. मला हा नकार आवडतो. कारकुनाने पैसे नसताना हुंडी स्वीकारण्यापेक्षा खिडकी बंद केलेली बरी.

समान पाने एकत्र करण्याची केएसएम ही सोय लिनक्सच्या गाभ्यात २.६.३२ या आवृत्तीपासून आहे. एकाच साच्यातून काढलेल्या वीस विंडोज व्हीएम ज्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत चालतात, तेथे तिचा लाभ डोळ्यांत भरण्याजोगा असतो. परस्परांहून भिन्न अशा सहा व्हीएममध्ये तो जेमतेम असतो आणि पाने तपासण्यात प्रोसेसर मात्र खर्ची पडतो. शिवाय एकत्र केलेल्या पानांच्या आधारे एका व्हीएमला दुसरीच्या मेमरीचा सुगावा लागू शकतो, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. या कारणास्तव व्हीएमवेअरने निरनिराळ्या व्हीएममधील असे एकत्रीकरण २०१४ च्या सुमारास मूळ मांडणीतच बंद ठेवण्याचे ठरविले. एका होस्टवर दोन वेगळ्या अशिलांचा ऐवज ठेवणाऱ्या कर-सल्लागाराने ही सोय बंद ठेवावी.

बलून आणि केएसएम यांच्या भरवशावर शहाण्णवांचे देणे चालवणाऱ्याची खरी परीक्षा मे महिन्यात होते. पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असतो, पहिल्या मजल्यावरील खोलीत सर्व्हर तापलेला असतो, भर दुपारी वीज जाते, यूपीएसची म्हातारी झालेली बॅटरी काही मिनिटांत मान टाकते, आणि तासाभराने वीज परत आली की होस्ट स्वतःहून उठतो व सहाही व्हीएम उठवू लागतो. या क्षणी काय घडते ते पाहा. बलूनचा ड्रायव्हर आतली प्रणाली पुरती उभी राहिल्यावाचून कामाला लागत नाही, म्हणून प्रत्येक व्हीएम आपल्या कमाल आकड्यानिशी सुरू होते. केएसएमने एकही पान अद्याप एकत्र केलेले नसते. विंडोजच्या व्हीएम मोकळी पाने शून्याने पुसू लागतात, डेटाबेस अर्धवट राहिलेल्या नोंदींची दुरुस्ती हाती घेतात, आणि जी मागणी एरवी दिवसभर विखुरलेली असे ती सारी पाच मिनिटांत एकवटते. महिनोन्महिने जे देणे कागदावर निद्रिस्त होते, त्याचा तगादा एकाच वेळी लागतो.

होस्टजवळ देण्यास काही उरले नाही, की लिनक्सचा गाभा एखादी प्रक्रिया ठार करून जागा मोकळी करतो, आणि निवड करताना तो बहुधा सर्वांत मोठ्या प्रक्रियेवर बोट ठेवतो. होस्टवरील सर्वांत मोठी प्रक्रिया म्हणजे आपली डेटाबेसची व्हीएम. तिच्या आतून पाहिले असता कोणतीही चूक नोंदलेली नसते; वायर उपटावी तशी ती थांबलेली असते. म्हणून दोष वीजपुरवठ्यावर, यूपीएसवर, क्वचित उंदरांवर जातो. अशा वेळी व्हीएमच्या नोंदी चाळीत न बसता होस्टच्या नोंदींत ‘आउट ऑफ मेमरी’ ही ओळ शोधावी. ती सापडली, की चौकशी तेथेच संपते.

उपाय दोन. पहिला हा, की व्हीएम एकदम उठू देऊ नयेत: प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक व्हीएमला सुरू होण्याचा क्रम आणि त्यानंतरचा विलंब लिहिता येतो, त्यानुसार आधी डेटाबेस, दोन-तीन मिनिटांनी अॅप्लिकेशन आणि फाइल-सर्व्हर, सर्वांच्या शेवटी डेस्कटॉप अशी रांग लावावी, आणि चाचणीसाठी काढलेल्या व्हीएमचे स्वयंचलित उठणे बंद करावे. यूपीएसने बॅटरी संपण्यापूर्वी होस्टला तशी वर्दी द्यावी आणि त्याने व्हीएम विधिपूर्वक बंद कराव्यात, अशी जोडणी नेटवर्क यूपीएस टूल्सच्या साहाय्याने विनामूल्य करता येते. दुसरा उपाय म्हणजे तालीम: एखाद्या रविवारी, ताजा बॅकअप घेऊन, सर्व व्हीएम बंद कराव्यात आणि क्रम व विलंब बाजूस ठेवून मुद्दाम एकदम सुरू कराव्यात, व होस्टचा आलेख कोठपर्यंत चढतो ते समोर बसून पाहावे. जी मांडणी या तालमीत तग धरीत नाही, ती मे महिन्यात धरणार नाही.

स्वॅपविषयी थोडक्यात. होस्टवर थोडासा स्वॅप असावा, पण तो झेडएफएसच्याच साठवणीवर बेतू नये; तेथे मेमरीच्या टंचाईत तो स्वतःच अडकून पडण्याचा धोका असतो. होस्टच्या स्वॅपपेक्षा व्हीएमच्या आतील स्वॅप श्रेयस्कर, कारण कोणते पान थंड पडले आहे हे आतल्या प्रणालीस ठाऊक असते, होस्टला नसते. होस्टची स्वॅप करण्याची ओढ मूळ ६० वर असते, ती १० पर्यंत खाली आणावी. दोन प्रोसेसरांचा सर्व्हर असेल तर एका प्रोसेसरच्या वाट्याच्या रॅममध्ये मावेल एवढीच मोठी व्हीएम करावी. ग्राफिक कार्ड किंवा तत्सम उपकरण थेट एखाद्या व्हीएमच्या हवाली केले असल्यास तिची सर्व मेमरी जागच्या जागी खिळते आणि बलूनचा उपयोग राहत नाही, हे वाटणीत धरून चालावे.

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतल्यानंतर परवान्यांच्या अटी बदलल्या, आणि पुष्कळ लहान कार्यालये प्रॉक्समॉक्सकडे किंवा हायपर-व्हीकडे वळली. या स्थलांतरात जुने मेमरीचे आकडे जसेच्या तसे उतरून घेण्याची वहिवाट दिसते. तसे करू नये. स्थलांतर हीच फेरमोजणीची उत्तम संधी आहे.

सर्व्हरच्या खोलीत एक साधी वही ठेवावी. तीत होस्टची एकूण रॅम, होस्टचा वाटा, कॅशची मर्यादा, राखीव भाग, आणि प्रत्येक व्हीएमपुढे मंजूर आकडा, गर्दीच्या दिवशी मोजलेला आकडा व मोजणीची तारीख लिहावी. कोणी वाढ मागितली तर मोजलेला आकडा मंजूर आकड्याच्या चार-पंचमांशापलीकडे गेला आहे काय, हे आधी पाहावे. गेला असेल तर वाढ द्यावी, नसेल तर दरखास्त दप्तरी दाखल करून ठेवावी. आपल्या उदाहरणात ज्या ६ जीबी हाती उरल्या आहेत, त्या फोनवरील मागणीवर कोणासही देऊ नयेत.